पाणी किती लागतं?

ठाण्यात कुणालाही "बॅप्टिस्ट चर्च कुठे आहे हो?" असं विचारा. दहातले नऊ जण तलावपाळीच्या दिशेने हात करतील. जांभळी नाक्याजवळ सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च आहे, त्याच नावाची शाळा आहे, आणि त्या शाळेत एखादा भाचा-पुतण्या शिकलेला नाही असं जुनं ठाणेकर घर विरळा. पण ते चर्च बॅप्टिस्ट पंथाचं नाही, कॅथलिक आहे. नावातला 'बॅप्टिस्ट' म्हणजे बाप्तिस्मा देणारा योहान, येशूला यार्देन नदीत उभं करून ज्याने पाण्याचा विधी केला तो संत. गणेश नावाचा माणूस गाणपत्य असतोच असं नाही, तसंच हे.

हा फरक मलाही ठाऊक नव्हता. मी मुद्रितशोधक, राहायला चरईत. सातेक वर्षांपूर्वी माझ्याकडे चारशे पानांचं एक बाड आलं. ख्रिस्ती धर्मशास्त्रावरचा ग्रंथ, इंग्रजीतून मराठीत आणलेला. भाषांतरकार ऐरोलीत राहणारे, साठीच्या अलीकडचे गृहस्थ. पहिल्याच फोनवर मी त्यांना 'फादर' म्हटलं. ते हसले. "फादर नाही हो ताई, पास्टर. मला तीन मुलं आहेत."

तेव्हापासून आमचं येणंजाणं आहे. रविवारी ते मंडळीपुढे उपदेश करतात. बुधवारी आणि शनिवारी घरातल्या छोट्या खोलीत रेडिओसाठी आणि आता मोबाइलसाठी कार्यक्रम रेकॉर्ड करतात. उरलेल्या वेळात भाषांतर. नाव लिहू नका म्हणाले, म्हणून लिहीत नाही. पण एकाच माणसाने ही तीन कामं का करावीत, आणि बॅप्टिस्ट म्हणजे नेमकं कोण, हे मला त्यांच्याकडून जसं उमगलं आणि पुढे वाचून जसं पक्कं झालं, तसं इथे मांडते. मी स्वतः ख्रिस्ती नाही. त्यामुळे जे प्रश्न तुम्हाला पडतील, तेच मला पडले होते.

पहिला प्रश्न पाण्याचाच. बहुतेक ख्रिस्ती पंथांत बाळ लहान असतानाच त्याच्या डोक्यावर पाणी घालून किंवा शिंपडून बाप्तिस्मा देतात. १६०९ च्या सुमारास ॲमस्टरडॅममध्ये आश्रयाला गेलेल्या काही इंग्रज मंडळींनी याला हरकत घेतली. जॉन स्मिथ आणि थॉमस हेल्विस हे त्यांचे म्होरके. त्यांचं म्हणणं सरळ होतं: ज्याला अजून बोलता येत नाही, त्याचा विश्वास आईबापांनी कसा जाहीर करायचा? माणूस कळता होऊ दे, त्याला स्वतःला पटू दे, मग त्याने स्वतःच्या पायांनी पाण्यात उतरावं. बाळपणी झालेला विधी त्यांनी मानलाच नाही आणि मोठेपणी नव्याने बाप्तिस्मा घेतला. म्हणून त्यांना चिडवायला 'बॅप्टिस्ट' म्हणू लागले आणि पुढे तेच नाव चिकटलं. गंमत म्हणजे या पहिल्या लोकांनी पाणी डोक्यावर ओतूनच घेतलं होतं. पूर्ण बुडी मारायची रीत इंग्लंडमधल्या बॅप्टिस्टांत १६४० च्या आसपास रुळली.

यातून दुसरी एक गोष्ट निघते, आणि माझ्या मते ती पाण्याहून मोठी आहे. विश्वास जर ज्याचा त्याने ठरवायचा, तर राजाने तो ठरवू नये. हेल्विस लंडनला परतला आणि १६१२ मध्ये त्याने हेच छापून राजाला सुनावलं: प्रजेच्या जिवावर तुझी सत्ता असेल, आत्म्यावर नाही. कुठल्याही धर्माच्या माणसाला ही मोकळीक हवी, असंही त्यात होतं. त्याला न्यूगेटच्या तुरुंगात टाकलं. १६१६ पर्यंत तो वारलेला होता. धर्म आणि सरकार वेगळं ठेवा, ही मागणी पुढे अमेरिकेत बॅप्टिस्टांनीच सगळ्यात जास्त रेटली.

आता मंडळीची रचना. कॅथलिकांत पोप, बिशप, धर्मगुरू अशी उतरंड असते. बॅप्टिस्टांत ती नाही. नवी मुंबईकरांना एका वाक्यात सांगायचं तर, बॅप्टिस्ट मंडळी म्हणजे डोक्यावर सिडको नसलेली सोसायटी. पास्टर कुणी नेमायचा, त्याला किती मानधन द्यायचं, हॉलचं भाडं कसं भरायचं, हे सगळं सभासदांच्या सभेत ठरतं. इतर मंडळ्यांशी संघ करून राहता येतं, पण संघ हुकूम सोडू शकत नाही. ऐरोलीच्या पास्टरांची मंडळी ऐंशी-नव्वद माणसांची आहे. त्यांत रबाळ्याच्या कारखान्यांत जाणारे आहेत, घरकाम करणाऱ्या बायका आहेत, दोन नर्स आहेत, एक बँकेतला निवृत्त शिपाई आहे. अशा मंडळीचं मानधन किती असणार? म्हणून बहुतेक पास्टरांना जोडकाम लागतंच. कुणी शिकवण्या घेतो, कुणी विमा विकतो. यांनी भाषांतर धरलं.

मराठी प्रोटेस्टंटांचा जुना शब्द 'पाळक', आणि तो मला पास्टरपेक्षा आवडतो. लॅटिनमध्ये पास्टर म्हणजे मेंढपाळच, तेव्हा तो अर्थालाही नेमका आहे. 'मंडळी' तर त्याहून झकास. जेवायला बसलेली ती मंडळी, लग्नाला जमलेली ती मंडळी, आणि उपासनेला जमलेली तीही मंडळी. हा शब्द ऐकून आधी इमारत डोळ्यांपुढे येत नाही, माणसं येतात.

आठवडाभरात पाळक काय करतो? उपदेशाची तयारी, आजाऱ्यांकडे फेरी, नवराबायकोची भांडणं, मुलांच्या नोकऱ्यांसाठी शिफारस, मयत. लग्न लावायचं तर १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याखाली सरकारी परवाना लागतो, त्याचं रजिस्टर नीट ठेवावं लागतं. भटजींना हा ताप नाही, असं ते मला एकदा म्हणाले, आणि त्यात थोडा हेवाही होता.

मग महाराष्ट्रात बॅप्टिस्ट इतके कमी का? नागालँडमध्ये बहुसंख्य लोक बॅप्टिस्ट आहेत, मणिपूर-मेघालयात भरपूर आहेत, तेलुगू मुलखात आहेत. मराठीत मात्र ख्रिस्ती म्हटलं की वसईचे कॅथलिक आठवतात, नाहीतर अहमदनगरकडचे (आताच्या अहिल्यानगरकडचे) प्रोटेस्टंट. याचं एक मोठं कारण एका बोटीवरच्या वाचनात दडलेलं आहे.

६ फेब्रुवारी १८१२ ला अमेरिकेतल्या सेलम गावी पाच तरुणांना मिशनरी म्हणून दीक्षा मिळाली. ॲडोनिराम जडसन, सॅम्युएल न्यूवेल, सॅम्युएल नॉट, गॉर्डन हॉल आणि ल्यूथर राइस. बॅप्टिस्ट त्यांतला एकही नव्हता. सगळे बालबाप्तिस्मा मानणारे. दोन वेगवेगळ्या जहाजांतून ते कलकत्त्याकडे निघाले. वाटेत जडसनला वाटलं, बंगालमधल्या श्रीरामपूरला मिशनरी विल्यम कॅरी आणि त्याचे बॅप्टिस्ट सोबती भेटतील, वाद घालतील, तर आपली बाजू पक्की असावी. म्हणून त्याने नवा करार, म्हणजे बायबलचा दुसरा भाग, मूळ ग्रीकमध्ये काढून अभ्यास सुरू केला. अभ्यास करता करता तो स्वतःच पालटला! सप्टेंबर १८१२ मध्ये कलकत्त्यात त्याने आणि त्याच्या बायकोने बुडी घेऊन बाप्तिस्मा घेतला. थोड्याच दिवसांत राइसही तिकडे गेला. जडसन रंगूनला पोचला, १८३४ मध्ये त्याने सबंध बायबलचं ब्रह्मी भाषांतर पुरं केलं, आणि ब्रह्मदेशात बॅप्टिस्टांचं बस्तान बसलं.

हॉल आणि नॉट मात्र पालटले नाहीत. ११ फेब्रुवारी १८१३ ला ते मुंबईत उतरले. कंपनी सरकार त्यांना हाकलायला टपलेलं होतं, पण ते तग धरून राहिले. त्यांच्या अमेरिकन मराठी मिशनने पुढे छापखाना काढला, शाळा काढल्या. १८१८ मध्ये नवी तुकडी आली, त्यातले जॉन निकोल्स आपल्या ठाण्यातच राहायला आले. १८२६ मध्ये या मिशनचा मराठी नवा करार छापून झाला. त्याच वर्षी गॉर्डन हॉल नाशिकच्या बाजूला फिरतीवर असताना पटकीने गेला. नंतर मिशनांनी आपापसांत मुलूख वाटून घेतले आणि मराठी मुलूख बॅप्टिस्टांच्या वाट्याला फारसा आलाच नाही. जडसनच्या जागी हॉलने ते ग्रीक पुस्तक उघडलं असतं तर? असला जर-तर इतिहासात करायचा नसतो हे मला कळतं, पण मुद्रितशोधकाला मोह होतो. एका क्रियापदाच्या अर्थाने दोन देशांतली चर्चं वेगळी झाली, हे आमच्या धंद्याला मोठं सुखावणारं आहे.

ते क्रियापद म्हणजे 'बाप्टिझो'. ग्रीकमध्ये त्याचा साधा अर्थ बुडवणे, बुचकळणे. कापड रंगात घालायच्या क्रियापदाचा हा सख्खा भाऊ. इंग्रजी बायबलवाल्यांनी तो शब्द भाषांतरित न करता तसाच उचलला. त्यामुळे ओतणारे, शिंपडणारे आणि बुडवणारे सगळे सुखी. ज्याने त्याने आपल्याला हवा तो अर्थ घ्यावा.

कॅरी हा बॅप्टिस्ट, आणि हाडाचा भाषांतरकार. इंग्लंडमध्ये चांभारकाम करत करत भाषा शिकलेला माणूस. त्याने बंगालीत सरळ 'डूब' धातूवरून शब्द केला. बुडवणे म्हणजे बुडवणे. ब्रिटिश बायबल सोसायटीला हे खटकलं. पैसे सर्व पंथांचे, मग एका पंथाचा अर्थ का छापायचा? वाद चिघळत गेला. १८३३ मध्ये सोसायटीने अट घातली की मूळ शब्द तसाच ठेवा, नाहीतर मदत बंद. १८३६ मध्ये अमेरिकन सोसायटीनेही तोच पवित्रा घेतला. तिथल्या बॅप्टिस्टांनी रागाने वेगळी संस्था काढली, आणि १८४० मध्ये इंग्लंडच्या बॅप्टिस्टांनीही आपली वेगळी भाषांतर संस्था काढली. बॅप्टिस्ट हट्टी खरेच. आसामी भाषेसाठी आयुष्य वेचणारा नेथन ब्राऊन पुढे जपानला गेला, आणि १८७९ मध्ये त्याने छापलेल्या पहिल्या सबंध जपानी नव्या करारातही बुडवण्याचाच शब्द घातला.

मराठीत काय झालं? मराठीत 'बाप्तिस्मा' राहिला, म्हणजे भाषांतर झालंच नाही. पास्टरांना मी विचारलं, तुम्ही तर बॅप्टिस्ट, मग तुम्ही तरी 'बुडवणे' का नाही वापरत? ते म्हणाले, "ताई, मराठीत बुडवणारा म्हणजे कोण? पैसे बुडवणारा. 'बुडवणारा योहान' असं लिहिलं तर लोक विचारतील, कुठल्या पतपेढीचा?" मी हसले, पण मुद्दा अगदी खरा. मराठीत धंदा बुडतो, दिवस बुडतो, घराणं बुडतं. बुडून वर येण्याला आपल्याकडे चांगला शब्दच नाही. वसईचे कॅथलिक 'स्नानसंस्कार' म्हणतात. शब्द सुरेख आहे, पण बॅप्टिस्टाला त्यातला 'संस्कार' टोचतो. संस्कार आईबाप मुलावर करतात, आणि त्यांचं तर तेच नको असतं. म्हणून परका, कुणालाच पुरता न कळणारा 'बाप्तिस्मा' बरा. कधीकधी भाषांतरकाराला शब्द न उलगडताच पुढे जावं लागतं.

धर्मशास्त्राच्या भाषांतराचं अवघडपण इथेच असतं. इंग्रजी शब्द अवघड असतात असं नव्हे, मराठी शब्द आधीच भरलेले असतात. रिकामा शब्द मिळाला तर त्यात हवा तो अर्थ ओतता येतो. आपल्याकडचे धर्माचे शब्द हजार-दोन हजार वर्षं वापरून काठोकाठ भरलेत. नवा जन्म ही ख्रिस्ती कल्पना घ्या. माणूस आतून पालटतो, याच आयुष्यात, एकदाच. भाषांतरात घाईने 'पुनर्जन्म' लिहिलं की वाचक चौऱ्याऐंशी लक्ष योनींत शिरलाच. म्हणून 'नव्याने जन्मणे' असं लांबण लावून लिहावं लागतं. 'प्रायश्चित्त' घ्या. आपल्याकडे चूक ज्याची, प्रायश्चित्त त्याचं. ख्रिस्ती शिकवणीत मात्र चूक एकाची आणि भरपाई दुसऱ्याने केलेली. शब्द तोच, दिशा उलटी. 'आत्मा' हा शब्द तर मी त्या बाडात एकशे चाळीस ठिकाणी तपासला असेल, आणि दर वेळी पास्टर म्हणायचे, इथे वेदान्तातला नको.

कधी याच्या उलट मराठीने फुकटात सोनं दिलेलं असतं. प्रभूच्या प्रार्थनेत मराठी ख्रिस्ती माणूस पाव मागत नाही, भाकर मागतो. 'भाकर' लिहिणाऱ्याला पोट कळत होतं. आणि 'जुना करार', 'नवा करार' यांतला करार! देवाशी माणसाचा करार. ठाण्यात करार म्हटलं की लोकांना अकरा महिन्यांचा भाडेकरार आठवतो ही गोष्ट वेगळी, पण दोन पक्ष, अटी आणि सही हे सगळं त्या शब्दात आहे.

विसाव्या शतकात या साऱ्याला शास्त्राचं रूप ज्याने दिलं, तो युजीन नायडाही बॅप्टिस्ट पाळकाची दीक्षा घेतलेलाच होता. जन्म १९१४, मृत्यू २०११, धंद्याने भाषाशास्त्रज्ञ. शब्दाला शब्द जुळवत बसू नका, मूळ ऐकणाऱ्याच्या मनात जे उमटलं ते आजच्या ऐकणाऱ्याच्या मनात उमटतं का ते बघा, हा त्याच्या सांगण्याचा गाभा. जगभरचे भाषांतरकार अजून यावर भांडतात, कारण मूळ ऐकणाऱ्याच्या मनात काय उमटलं हे कुणी पाहिलंय?

आपल्याकडे पंडिता रमाबाईंनी नायडाच्या कितीतरी आधी हे करून पाहिलं होतं. रूढ मराठी बायबल त्यांना जड, संस्कृताळलेलं वाटे. केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या साध्या बायाबापड्यांना ते कळावं म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि सबंध बायबल सोप्या मराठीत आणलं. छापखान्यातलं कामही तिथल्या बायकाच करत. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या, त्याआधी भाषांतर हातावेगळं झालं होतं. स्वतः संस्कृत पंडिता असून संस्कृत शब्द गाळत बसणं, याला मी सगळ्यात अवघड प्रकारची विद्वत्ता समजते.

कॅरीचाही मराठीशी संबंध आहे, आणि तो थोडा मजेशीर आहे. फोर्ट विल्यम कॉलेजात तो बंगाली, संस्कृत आणि मराठी शिकवायचा. १८०५ मध्ये त्याचं मराठी व्याकरण आलं, १८१० मध्ये कोश. हे सगळं बंगालमध्ये बसून, वैजनाथ पंडितांच्या मदतीने. आजही भाषांतरकाराच्या मागे असा एखादा वैजनाथ असतोच, आणि मुखपृष्ठावर त्याचं नाव नसतंच. (हे मी कुणाबद्दल म्हणतेय ते प्रकाशकांना कळेल.)

आणि ठाण्याच्या मातीतला त्याहून जुना दुभाषा? एप्रिल १३२१ मध्ये ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधू धर्माच्या वादातून मारले गेले. त्यांतला तिफ्लिसचा दिमित्रियस हा भाषा जाणणारा, बाकीच्यांसाठी दुभाष्याचं काम करणारा. सातशे वर्षांपूर्वी आपल्या खाडीकाठी भाषांतर हा जिवावरचा धंदा होता.

आता रेडिओ. धर्म आणि रेडिओ यांची गाठ फार लवकर पडली. २ जानेवारी १९२१ ला अमेरिकेत पिट्सबर्गच्या केडीकेए केंद्राने एका चर्चमधली उपासना थेट ऐकवली. तंत्रज्ञ दोघे, एक ज्यू, एक कॅथलिक. उपासनेत विचित्र दिसू नयेत म्हणून त्यांना चर्चच्या गायकांचे झगे घालून बसवलं होतं. दहा वर्षांनी, १९३१ च्या नाताळात, इक्वेडोरच्या कीटोमध्ये मिशनरी रेडिओ सुरू झाला. १९५४ मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या टँजियरहून ट्रान्स वर्ल्ड रेडिओ ही दुसरी मिशनरी संस्था बोलू लागली. तिचं पुढचं ठाणं मोंटे कार्लो, आणि तिथली इमारत जर्मनांनी युद्धात प्रचारासाठी बांधलेली!

भारतात धर्मसंस्थेला रेडिओ केंद्राचा परवाना मिळत नाही, खासगी एफएमच्या नियमांतही ते स्पष्ट आहे. म्हणून मार्ग बाहेरून निघाला. कार्यक्रम इथे रेकॉर्ड करायचा, टेप पाठवायची, आणि तो परत यायचा सेशेल्स बेटांवरून किंवा श्रीलंकेहून. सेशेल्सचं केंद्र 'फेबा' या मिशनरी रेडिओ संस्थेचं, ते १९७० ते २००३ लघुलहरींवर चाललं. लघुलहरी वरच्या आयनमंडलावर आपटून खाली येतात, म्हणून समुद्र ओलांडतात. श्रीलंकेतलं पुत्तलमचं केंद्र मध्यम लहरींचं. त्या दिवसा जवळच विरतात, रात्री लांब पोचतात. म्हणून असले कार्यक्रम लागायचे ते संध्याकाळनंतर किंवा पहाटे. पास्टरांच्या वडिलांकडे मर्फीचा सेट होता, आपल्या ठाण्याच्याच कारखान्यातला असणार. इतरांच्या घरी सिलोनवर गीतमाला लागायची, यांच्या घरी त्याच काट्याजवळ प्रवचन.

लघुलहरींवर आवाज एकसारखा येत नाही. चढतो, मावळतो, मध्येच खरखरतो. यातून एक लिहिण्याची पद्धतच तयार झाली. वाक्य लहान हवं, कारण मधला तुकडा हरवला तर सगळंच जातं. महत्त्वाची गोष्ट दोनदा सांगायची, पण शब्द बदलून. 'वर म्हटल्याप्रमाणे' कधीच नाही, कारण ऐकणाऱ्याने वरचं ऐकलेलं नसतं, त्याने आत्ताच काटा फिरवलाय. चीन आणि सोव्हिएत संघात बायबल मिळणं कठीण होतं, तेव्हा काही केंद्रांवर निवेदक शुद्धलेखन घातल्यासारखं, अतिशय संथ, बायबल वाचत. पलीकडे कुणीतरी वहीत उतरवून घेत असे. शब्दाशब्दाला थांबत वाचायचं, कोण लिहितंय हे कधीच दिसणार नाही हे माहीत असून. मला ही निवेदनकलेची परमावधी वाटते.

ऐरोलीच्या खोलीत तेवढं नाट्य नाही. भिंतींना गोधड्या, खिडकीला गादी, पंखा बंद. पंधरा मिनिटांच्या कार्यक्रमाला दीड हजार शब्द, हा त्यांचा हिशेब. शेजारच्या कुकरची तिसरी शिट्टी झाल्याशिवाय सुरुवात करायची नाही. एकदा मी भाषा तपासायला म्हणून तिथे बसले होते. घामाने निथळत त्यांनी एकच परिच्छेद अकरा वेळा वाचला, आणि बाराव्या वेळी माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमचा 'तथापि' जिभेवर बसत नाही हो." मी तो काढला. पुढे ग्रंथातूनही काढला.

तिन्ही कामं एका माणसाकडे का असावीत, याचं उत्तर मला त्या बाडातल्या एका कल्पनेपाशी मिळालं. देव माणसाला 'नीतिमान ठरवतो', अशी ती कल्पना. सगळ्या प्रोटेस्टंट धर्मशास्त्राचा हा कणा. मूळ ग्रीक शब्द कोर्टातला: न्यायाधीश निकाल देतो. माणूस एका रात्रीत सद्गुणी झाला असं नव्हे, त्याचा निकाल लागला. मराठीत मात्र 'नीतिमान' म्हटलं की चांगल्या वागणुकीचा दाखला मिळाल्यासारखं वाटतं. मी सुचवलं, 'निर्दोष सोडणे' करा. ते म्हणाले, "आपल्याकडे निर्दोष कोण सुटतो? पुराव्याअभावी सुटतो. देवाकडे पुरावा कमी पडला असं होईल." पुस्तकात तो जुना शब्दच राहिला, खाली टीप लागली. टीप मी वाचली, मला कळली. पण मी मुद्रितशोधक, मला पैसे मिळतात कळून घ्यायचे.

बुधवारी तेच रेडिओसाठी करायची वेळ आली. माइकसमोर टीप लावता येत नाही. म्हणून त्यांनी छोटं दृश्य केलं: कोर्ट, आरोपी, गुन्हा कबूल. न्यायाधीश म्हणतो, जा, तू मोकळा. छान झालं होतं. रविवारी तेच मंडळीत सांगितलं. उपासना झाल्यावर घरकाम करणाऱ्या एक मावशी पुढे आल्या. त्यांच्या मुलाची दारूच्या नशेतली मोटारसायकल नुकतीच कोर्टात गाजून आली होती. त्यांनी विचारलं, "पास्टर, असं कसं मोकळा? दंड कुणी भरला?"

पास्टर मला म्हणाले, चारशे पानांत लेखकाला जे सांगायचंय ते या बाईने तीन शब्दांत विचारलं. कारण ख्रिस्ती उत्तर तेच आहे: दंड माफ नाही झाला, तो न्यायाधीशाने स्वतःच्या खिशातून भरला. ते पटतं की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण कल्पना काय आहे ती तिथे उघडी झाली. त्या रात्री त्यांनी टीप पुन्हा लिहिली, रेडिओचं दृश्य पुन्हा रेकॉर्ड केलं. छापील पान गप्प असतं. माइकला चेहरा नसतो. रविवारी समोर मावशी असतात. नुसतं भाषांतर करणाऱ्याला हा प्रश्न कधी ऐकूच आला नसता, आणि नुसता उपदेश करणाऱ्याने तो ऐकून सोडून दिला असता.

ग्रंथ छापून आला. खप बेताचा. कार्यक्रम आता रेडिओवर कमी आणि मोबाइलवरून जास्त फिरतो. पूर्वी श्रोत्यांची पोस्टकार्डं यायची, आता पहाटे पाचला आवाजी निरोप येतात, त्यांत मागे म्हशी हंबरत असतात. सगळे निरोप ते ऐकतात. वहिनी म्हणतात, यांना मुलांचे फोन उचलायला वेळ नसतो.

गेल्या मे महिन्यात मी ऐरोलीला गेले होते, दुसऱ्या बाडाची शेवटची पानं घेऊन. रविवारी पाच जणांचा बाप्तिस्मा होता, त्यांत त्याच मावशींचा मुलगाही. मंडळीचं स्वतःचं चर्च नाही, भाड्याचा हॉल. अंगणात ताडपत्रीचा हौद उभा केला होता आणि पाणीकपात चालू होती. पास्टर टँकरवाल्याशी फोनवर बोलत होते.

"किती पाणी लागतं तुम्हाला?" फोनमधला आवाज मलाही ऐकू येत होता.

"माणूस पुरता आत गेला पाहिजे."

"उभा की बसलेला?"

पास्टरांनी फोन कानापासून लांब धरून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "बसलेला चालेल."

"मग अर्धा टँकर पाठवतो."